मुखपृष्ठावरची थाळी

आत्मचरित्र लिहायचं तर माणूस म्हातारा तरी हवा नाहीतर थोर तरी, असं आमच्या भांडुपच्या कॉलनीचं ठाम मत आहे. मी सव्वीस वर्षांची होते. थोरपणाचं म्हणाल तर तो माझ्या लक्षात आला होता, इतरांच्या यायचा होता. त्यातून मी हे आत्मचरित्र लिहिणार नव्हतेच, काढणार होते. चौकटी आखून, माणसांच्या तोंडून शब्दांचे फुगे सोडून, चित्रांतून. आणि तेही कुमारांसाठी, म्हणजे ज्यांना मिसरूड फुटायच्या आधी मतं फुटतात त्या वयाच्या मुलामुलींसाठी.

"चित्रांच्या पुस्तकात राक्षस लागतो," बाबा म्हणाले. "तुझ्यात आहे का?"

"महागाई आहे."

"मग ठीक आहे," म्हणून ते पुन्हा पेपरात शिरले.

हे खूळ माझ्या एकटीच्या डोक्यातलं नव्हतं. मुलुंडला विद्याधर नावाचा एक प्रेसवाला होता. आयुष्यभर लग्नपत्रिका छापून त्याला लग्न या गोष्टीचा इतका वीट आला होता की त्याने स्वतःचंही केलं नव्हतं. मावसबहिणीच्या पत्रिकेचं प्रूफ तपासायला मी त्याच्याकडे गेले होते. वाट बघता बघता मी प्रुफाच्या पाठीमागे रॉकेलच्या रांगेतल्या बायकांचं चित्र काढलं, ते त्याने पाहिलं.

"मॅडम," तो म्हणाला, "या पोरांना पानिपत पाठ असतं. पण आपली आई तेलासाठी रांगेत उभी राहून कुणाला शिव्या घालत होती, ते ठाऊक नसतं. तुम्ही काढा, मी छापतो."

असं बोलणारा प्रेसवाला रोज भेटत नाही. मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

आणि माल भरपूर होता. माझं लहानपण देशाच्या दृष्टीने फार धावपळीत गेलं. मी तेरा वर्षांची असताना महागाईविरुद्ध बायकांनी थाळ्या-लाटणी घेऊन मोर्चे काढले, त्यात आमची आई होती. चौदाव्या वर्षी रेल्वेचा संप झाला, त्यात बाबा होते. पंधराव्या वर्षी आणीबाणी आली, त्यात सगळेच होते. एका मुलीला शाळा सुटेपर्यंत देशाने याहून जास्त काय पुरवायचं?

पुस्तकाची बातमी कॉलनीभर झाली आणि प्रत्येकाला अचानक आठवलं की आपणही इतिहासात होतो. सोसायटीचे सेक्रेटरी मधुकरराव संध्याकाळी पायजम्यावरच आले. "अनुपमा, तुला म्हणून सांगतो, आणीबाणीत मी भूमिगत होतो." ते तेव्हा नाशिकला सासुरवाडीला होते, हे अख्ख्या कॉलनीला माहीत आहे. सासूबाईंचं गळू फुटेपर्यंत राहिले होते. पण मी वहीत लिहून घेतल्यासारखं केलं. खालच्या मजल्यावरच्या मास्तरांनी सल्ला दिला की शेवटी नायिकेचं लग्न दाखव, मुलांना आवडतं. मी म्हटलं, नायिका मीच आहे आणि अजून झालेलं नाही. "तेच म्हणतोय," मास्तर म्हणाले.

बाबांचं दुखणं वेगळंच होतं. संपाच्या दिवसांत कामगारांना घरातून उचलून कामावर नेत होते, म्हणून बाबा आमच्या स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर जाऊन राहिले होते. लोणच्याच्या बरण्या आणि गणपतीचं मखर यांच्या मधे. आई टोपलीतून पोळीभाजी वर पाठवायची. एकदा चौकशीला आलेला हवालदार खाली बसून पाणी पीत होता, आणि बाबांचा एक पाय माळ्याच्या कडेवरून खाली आला होता. मी तो पाय बघत होते, हवालदार बघत नव्हता, आणि आई हवालदाराला आग्रह करून करून लाडू देत होती. याहून चांगली चौकट मला जन्मात मिळाली नसती.

"पाय काढायचा नाही," बाबा म्हणाले.

"बाबा, सगळी गंमत पायातच आहे."

"गंमत? संप होता तो! मला उभा दाखव. मूठ वळलेली."

"माळ्यावर? माळा केवढा, तुम्ही केवढे?"

"मग बसलेला दाखव, पण ताठ. आणि पाय लोंबकळत नव्हता. मी मुद्दाम सोडला होता."

"कशासाठी?"

"निषेध म्हणून," बाबा म्हणाले. मी तो फुगा तसाच घातला. बाबांचं समाधान झालं, आणि पायही राहिला.

आई मात्र काहीच सांगेना. आमची आई, मृणालिनी टिपणीस, मुळात कमी बोलणारी. भाजीवाल्याने वजनात मारलं तरी ती गुपचूप घरी येऊन दुसऱ्या तराजूत तोलायची आणि मनातल्या मनात त्याच्याशी भांडायची. मी तिला विचारलं, "आई, मोर्चाच्या दिवशी काय काय झालं?" ती म्हणाली, "गेलो, वाजवल्या, आलो. कुकर बंद कर."

पण मी पाहिलं होतं. शाळेतून येत होते. रेशन ऑफिसच्या अलीकडे रस्ता बायकांनी भरलेला, आणि त्या बायकांत माझी आई. अंबाडा सुटलेला, पदर खोचलेला, डाव्या हातात थाळी, उजव्या हातात लाटणं, आणि ती ओरडत होती. आमची आई! ओरडत होती! मी फुटपाथवर दप्तर छातीशी धरून उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओळखसुद्धा दाखवली नाही, इतकी ती कामात होती. मला त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा नंतर कशाचाच वाटला नाही, स्वतःचाही नाही, आणि तो मला बऱ्यापैकी वाटतो. मला जगाला ही आई दाखवायची होती. बाकीचं पुस्तक कसंही होवो, मुखपृष्ठावर तीच.

आता माझी नोकरी सांगणं भाग आहे, कारण पुढे जी वाट लागली ती या नोकरीने लावली. मी मरोळला एका सरकारी खात्याच्या ड्रॉइंग शाखेत ट्रेसर. ट्रेसर म्हणजे इंजिनिअरने काढलेला नकाशा पारदर्शक कागदाखाली ठेवून शाईने जसाच्या तसा गिरवणारा माणूस. विचार करायचा नाही, वाचायचं नाही, दुरुस्ती तर करायचीच नाही. इंजिनिअरने जिना भिंतीत घातला असेल तर आपणही घालायचा. या कामात मी शाखेत पहिल्या नंबरची आहे, हे मी नाही, आमचे हेड ड्राफ्ट्समन भाऊराव सांगतात.

सरकारी नोकराला पुस्तक छापायचं तर परवानगी लागते, म्हणून मी अर्जासोबत सगळी चित्रं भाऊरावांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा बदलला आणि मोर्चाचं पान टेबलावर पसरलं.

"टिपणीस, हा मोर्चा कुठून कुठे चाललाय?"

"रेशन ऑफिसकडे, सर."

"तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं. कागदाने सांगायला पाहिजे. उत्तरेचा बाण कुठाय?"

"सर, ही गोष्ट आहे."

"गोष्टीला उत्तर नसते? सूर्य कुठे उगवतो तुमच्या गोष्टीत?" मग त्यांनी मुखपृष्ठाचा कच्चा आराखडा उचलला. "आणि ही बाई? ही रेशन ऑफिसच्या दारापेक्षा उंच आहे."

"ती माझी आई आहे, सर. मला ती तेवढी दिसली होती."

भाऊरावांनी बराच विचार केला. तसे ते मनाने वाईट नाहीत. "हरकत नाही," ते म्हणाले, "पण मग खाली टीप द्या."

म्हणून माझ्या पुस्तकाच्या प्रत्येक पानावर उत्तरेचा बाण आहे, आणि मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलंय, 'आई प्रमाणात नाही.'

अर्ज वर गेला आणि शेरा घेऊन खाली आला. 'सदर घटना घडल्या त्या वेळी अर्जदार खात्याच्या सेवेत होती काय? असल्यास रजेचा मंजूर अर्ज जोडावा.' मी उत्तर दिलं की त्या वेळी मी आठवीत होते. पुन्हा शेरा आला, 'शाळेचा दाखला जोडावा.' जोडला. मग विचारणा झाली की मोर्चाला शाळेची परवानगी होती का. यावर मी इतकं लांब आणि इतकं सभ्य उत्तर लिहिलं की वरच्या साहेबांनी ते पूर्ण वाचण्यापेक्षा परवानगी देऊन टाकली.

मग मी मुखपृष्ठ काढायला बसले. आईचा चेहरा मला पाठ होता, पण थाळी पाठ नव्हती. मनाने भांडी काढणं माझ्या धंद्यात बसत नाही. स्वयंपाकघरात गेले, पिठाच्या डब्याखाली ठेवलेली जुनी स्टीलची थाळी ओढून काढली आणि समोर ठेवली. आई म्हणाली, "ती कशाला? दुसरी घे." मी म्हटलं, "त्या दिवशी हीच होती ना?" आई काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात दूध उतू गेलं. मी थाळी काढली. काठाचा पोचा काढला, लाटण्याचे वळ काढले, आणि काठावर ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव होतं, तेही ठिपका न् ठिपका मोजून काढलं.

वाचलं नाही. आता तुम्ही म्हणाल, असं कसं वाचलं नाहीस? एक तर ट्रेसर वाचत नाही. दुसरं म्हणजे आपल्या घरातल्या भांड्यांवरची नावं कोण वाचतं हो? आमच्या पातेल्यावर बाबांच्या आत्याचं नाव आहे, तांब्यावर कुठल्याशा मुंजीची तारीख आहे, आणि एका डब्यावर 'भिकाजीपंतांकडून सप्रेम' असं आहे. हे भिकाजीपंत कोण, हे बाबांनाही माहीत नाही. आपण त्यात खायचं आणि घासून ठेवायचं.

ते नाव वाचलं असतं अशी एकच बाई होती, आमच्या समोरच्या दारातल्या विमलाकाकू परब. आईची कॉलनीतली एकमेव जिवाभावाची मैत्रीण. पापड एकीच्या घरी लाटायचे आणि दुसरीच्या गच्चीत वाळवायचे, असा दोघींचा संसार. पण त्या नेमक्या मालवणला गेल्या होत्या, पावसाआधी घराची कौलं परतायला. नशीब म्हणतात ते हे.

तिकडे प्रेसमध्ये दुसरं रामायण चाललं होतं. माझ्या फुग्यांतली अक्षरं प्रेसमध्ये जुळवून आत चिकटवायची होती. आणीबाणीचं पान मी मोठ्या कौशल्याने केलं होतं. कॉलनीच्या अंगणात माणसं जमलीत, प्रत्येकाच्या तोंडून फुगा निघालाय, आणि सगळे फुगे कोरे. कुणी काही बोलत नाही, म्हणजे बोलू शकत नाही. कुमारांच्या अंगावर काटा यावा अशी माझी अपेक्षा होती. पण विद्याधरच्या कंपोझिटरला वाटलं, बाईंचा मजकूर हरवला. भला माणूस. रिकामी जागा त्याला बघवत नसे. त्याने हाताशी जुळवलेला तयार होता तो मजकूर भरला.

छापून आलेल्या पानावर मधुकरराव छाती काढून म्हणत होते, 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. खालचे मास्तर म्हणत होते, 'हेच अगत्याचे आमंत्रण समजावे'. आणि बाबा, भेदरलेल्या चेहऱ्याने, दाराआडून म्हणत होते, 'कृपया आहेर आणू नये'.

मी विद्याधरला जे बोलले ते कुमारांच्या कथेत बसणारं नाही. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, छापून झालंय. आणि खरं सांगू, वाईट दिसत नाहीये." मी घरी येऊन पान पुन्हा पाहिलं. वाईट दिसत नव्हतं, पण ते मी त्याला सांगितलं नाही.

प्रकाशन येत्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये ठरलं. पहिल्या प्रती घरी आल्या त्याच दिवशी विमलाकाकू गावाहून आल्या, एक भला थोरला फणस घेऊन. त्या दारातून आत येताच मी त्यांच्या हातात पुस्तक दिलं आणि कौतुक ऐकायला समोर उभी राहिले.

"गो बाये, ही तुजी आवस मां?"

"ओळखलीत ना, काकू?"

"तिका वळाकलंय." काकूंनी चष्मा पुसून परत लावला आणि काठावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. "थाळी पण वळाकलंय. सौ. विमला जयवंत परब."

आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली होती, ती तिथेच थांबली.

"तेरा वर्सां, मृणाल! तेरा वर्सां मी ही थाळी शोधतंय! भावजयीवर आळ घातलंय मी. आता गावाक गेल्लंय तेवा तिचा फडताळ उगडून बघून इलंय. आणि थाळी खंय? तर समोरच्या घरात! आणि वर पुस्तकात!"

"विमल, ऐक तरी," आई म्हणाली.

"काय ऐकू? तुज्या चेडवान छापून सांगल्यान सगळा." काकूंनी पुस्तक खुर्चीवर टाकलं आणि दार आपटून गेल्या. फणस ठेवून गेल्या, पण त्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

आईने माझ्याकडे पाहिलं. "हजार प्रतींवर चोर म्हणून छापलंस मला," ती म्हणाली, आणि त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद झालं. जे काय सांगायचं ते बाबांमार्फत. "तिला सांगा, वाढलंय." "तिला सांगा, पाणी गेलंय." मी समोरच बसलेली असायचे. बाबा दोघींचा निरोप इमानेइतबारे इकडून तिकडे पोचवायचे. रेल्वेत जन्म काढलेला माणूस, त्यांना हे जमलं.

खरं काय झालं तेही बाबांनीच सांगितलं. त्या दिवशी रेशन ऑफिससमोर बायकांनी थाळ्या खाली ठेवून हातात हात घालून साखळी केली. मग पोलिसांच्या गाड्या आल्या, पळापळ झाली, आणि ढिगातली जिच्या हाताला जी लागली ती घेऊन ती पळाली. आईने घरी येऊन नाव वाचलं. दुसऱ्या दिवशी परत द्यायची तर काकू माहेरी गेलेल्या, हाताला लागलेली थाळी आपलीच समजून सामानात घालून, आणि तिथे ती बदललेली दिसली म्हणून आळ भावजयीवर. आठवड्याने द्यायची तर आठवडाभर का ठेवलीस, असं होणार. महिन्याने द्यायची तर चोरी कबूल केल्यासारखंच. वर्षाने ती पिठाच्या डब्याखाली गेली, आणि काकू आल्या की आई तो डबा हलवायची नाही. साखरेची वाटी उसनी आणली तर शीग लावून परत करणारी आमची आई या एका थाळीपायी तेरा वर्षं अवघडून बसली होती, आणि मी ती थाळी हजार घरांत पाठवायला निघाले होते.

विद्याधर म्हणाला, नावावर एक काळा ठिपका छापू. मी म्हटलं, म्हणजे गुन्हेगाराच्या फोटोवर डोळ्यांवर पट्टी असते तसं? ते नको.

मी डोकं चालवलं. ढिगातून थाळ्या उचलल्या तर एकच कशी बदलेल? मधुकररावांच्या बायकोला जिन्यात गाठून विचारलं. तिने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग कुजबुजली, "आमच्यात एक 'शेवंती' म्हणून आहे. यांना सांगू नकोस, यांना वाटतं माझ्या मावशीचं नाव." मास्तरांकडे एक 'सुलक्षणा' निघाली. मास्तरांच्या बायकोचं नाव सुलक्षणा नाही, आणि मास्तर इतकी वर्षं त्या थाळीत पथ्याचं जेवत होते. घराघरांत परक्या थाळ्या होत्या, आणि जो तो आपल्यापुरता गप्प बसला होता. झकास! आई एकटी नव्हती. मी जाहीर करून टाकलं की रविवारी प्रकाशनाला येताना प्रत्येकाने घरातली परकी थाळी आणावी, आपापली घेऊन जावी, कुणी कुणाला काही विचारू नये.

विद्याधर खूश झाला. "आहेर आणण्याचा पहिलाच प्रकाशन समारंभ," तो म्हणाला.

रविवारी हॉल भरला. टेबलावर पुस्तकांपेक्षा भांडी जास्त. लोकांना एकदा परत करायची मुभा मिळाली की ते थाळीवर थांबत नाहीत. कुणी किसणी आणली, कुणी इडलीपात्र, एकाने तर छत्री आणली आणि ती कुणाची ते मला विचारू लागला. मधुकरराव माइकवरून भांड्यांवरची नावं पुकारत होते. 'शेवंती' पुकारल्यावर भांडुप स्टेशनजवळून आलेल्या एका म्हाताऱ्या बाई उठल्या, थाळी उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाल्या, "घासत नव्हता वाटतं." मधुकररावांची बायको माइकजवळ गेली आणि तिथून जे सुरू झालं ते बराच वेळ माइकवरून सगळ्यांना ऐकू आलं.

ज्यांच्यासाठी हा सगळा घाट होता ती पोरंपोरी भिंतीला टेकून पुस्तक वाचत होती. त्यातली एक दोन वेण्यांची मुलगी माझ्याकडे आली. "मावशी, आणीबाणीत लोकांना खरं बोलता येत नव्हतं, म्हणून तुम्ही त्यांच्या तोंडी लग्नपत्रिका घातल्यात ना?"

मी विद्याधरकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

"हो," मी म्हटलं. "अगदी तेच."

"सॉलिड आहे," ती म्हणाली आणि परत भिंतीशी गेली.

तेवढ्यात आई दिसली. बाबांनी तिला आणलं होतं. शेवटच्या रांगेत, ठेवणीतलं लुगडं... चुकले, नऊवारी आई कधीच नेसली नाही, ती मी सवयीने मोठी करतेय. निळी साधी पाचवारी, आणि मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली थाळी. विमलाकाकू पहिल्या रांगेत, पाठ ताठ करून. मधुकरराव पुढचं नाव पुकारणार, एवढ्यात आई उठली. सगळ्यांच्या देखत पुढे गेली, टॉवेल सोडला आणि थाळी काकूंच्या पुढ्यात धरली.  लोकांसमोर उभं राहणं तिला किती जड जातं ते मला ठाऊक आहे.

"विमल, चुकलं माझं. घे."

काकूंनी थाळी घेतली नाही. मधुकररावांनी माइक खाली ठेवला. छत्रीवालासुद्धा खाली बसला.

"थाळयेक काय चाटूचा आसा?" काकू म्हणाल्या. त्यांनी बाजूच्या मुलाच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं आणि माझ्याकडे वळल्या. डोळे भरले होते. "थाळी माजी. नाव माजा. आणि मी खंय आसंय गो? सगळा पुस्तक बघलंय मी. बापाशीचो पाय आसा, हवालदार आसा, लाडू आसत. मी खंय?"

"काकू, मी जे पाहिलं ते काढलं," मी म्हटलं, कारण माझाही काही मान आहे.

"आणि मी दिसाक नाय तुका? येवडी मोठी बाई?"

मी त्यांच्या हातातलं मुखपृष्ठ पुन्हा नीट पाहिलं. स्वतःचंच चित्र तपासायची वेळ माझ्यावर क्वचित येते.

"दिसली नसणार तिला," आई म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू जात होता. "तेरा वर्षांची होती, ती फक्त मला बघत होती. पण मी घरातच बसले होते, विमल. स्वयंपाक चाललेला, म्हटलं हे काय म्हणतील, लोक काय म्हणतील. तू आलीस, गॅस... नाही, स्टोव्ह होता तेव्हा... स्टोव्ह बंद केलास, थाळी-लाटणं माझ्या हातात कोंबलंस आणि दंडाला धरून रस्त्यापर्यंत ओढत नेलंस. मी रडत होते. ओरडायला पण तूच शिकवलंस मला. म्हणालीस, आधी नवऱ्याचं नाव घेऊन ओरड, मग सरकारचं येईल."

हॉलमध्ये हसू फुटलं. बाबा माझ्या शेजारी उभे होते. "माझं नाव?" त्यांनी मला विचारलं.

विद्याधर हळूच म्हणाला, "मॅडम, मुखपृष्ठं हजार छापलीत. परत नाही छापता येणार."

"कुणी सांगितलं परत छाप म्हणून?" मी म्हटलं. पर्समधून शाईचं पेन काढलं. ट्रेसर त्याशिवाय घराबाहेर पडत नाही. दोन वेण्यांच्या मुलीची प्रत मागून घेतली आणि टेबलावरची भांडी बाजूला सारली. मुखपृष्ठावर आईच्या डाव्या हाताला रस्त्याची कोरी जागा होती. पोरं भोवती गोळा झाली आणि आपापल्या प्रती पुढे करून रांग लावून उभी राहिली. हजार तर हजार. मला हात आहे आणि रविवारही पुष्कळ आहेत.

काकू चष्मा लावून टेबलाच्या एका बाजूला येऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्या बाजूला आई आली. ती माझ्या खांद्यावरून वाकली आणि कागदावर बोट ठेवलं.

"तिला माझ्या पुढे काढ, अनु," ती म्हणाली. माझ्याशी. बाबांमार्फत नाही. "ती पुढे होती."

"फुडे नको गो," विमलाकाकू म्हणाल्या. "बाजूक काड. आणि आदी माजो हात काड, हिच्या दंडावरचो. तो दिसाक व्हयो."

मी आधी हात काढला.